चार बोटांची जागा

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एक फोटो सरकवायचं. ती उठून गेली की मी फोटोचा उजवा भाग डावीकडे सरकवायचो. ती परत आली की अंगठ्यानं तो भाग होता तिथं न्यायची. बोलत कोणीच नव्हतं. सूप घेऊन ती तांदूळ निवडायला दारात बसली, मी सरकवला. सूप ठेवून आली, तिनं सरकवला. असं तीन-चार वेळा झालं.

फळीवर पाच फूट लांब पुठ्ठा होता आणि त्याच्यावर तिच्या माहेरच्या गावाचा फोटो. सात तुकड्यांचा. डावीकडचे चार तुकडे तिनं एकमेकांना जोडून ठेवले होते, उजवीकडचे तीन जोडून ठेवले होते, आणि मधे चार बोटं जागा रिकामी सोडली होती. तिथं पुठ्ठा दिसायचा. पुठ्ठ्यावर अजून काहीच चिकटवलेलं नव्हतं. आठ वर्षं तो फोटो असाच होता. सणासुदीला घर झाडताना निघायचा, फळीवर पसरायचा, आमचं भांडण व्हायचं आणि परत गुंडाळून कपाटावर जायचा.

"अवं, कोनाच्या ध्यानात येनार आहे?" मी शेवटी बोललोच. "इकडं चिंचेचं झाड, तिकडं मारुतीचं देऊळ. जोडून टाक. पाहणाऱ्याले वाटन, झाडाच्या बाजूलेच देऊळ आहे."

"माह्या ध्यानात येते न," ती म्हणाली. मग कागदावरची धूळ फुंकत, माझ्याकडे न बघता, ती दरवेळी विचारायची तेच तिनं विचारलं, "चौथ्या न् पाचव्याच्या मधात काय झालं होतं जी?"

मीही दरवेळी सांगायचो तेच सांगितलं. "किती डाव सांगू? निगेटिव्ह खराब निघालं. फोटो धुवायचा हायपो जुना होता."

"बरं," ती म्हणाली.

खोटं होतं ते. निगेटिव्ह खराब झालं नव्हतं. तो फोटो मी काढलाच नव्हता. आणि त्या चार बोटांत तिच्या बापाचं घर होतं.

मग ती चहा ठेवायला उठली. स्टोव्हपाशी गेली आणि म्हणाली, छातीत जळजळ होऊन राहिली. मी म्हटलं, सकाळचं वांगं बाधलं असेल. ती भिंतीला टेकून बसली. पाचेक मिनिटांनी मी पाहिलं तर घामानं चोळी ओली. शेजारच्या कापडवाल्या सिंधी शेठनं रिक्षा बोलावली. नागपुरातल्या जरीपटक्याहून रामदासपेठेतल्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. डॉक्टर पायऱ्या उतरून रिक्षापर्यंतच आले, मनगट धरलं, आणि मला म्हणाले, घरी घेऊन जा.

दिवे लागायच्या आत एवढं सगळं झालं. मी तिला सांगितलेलं शेवटचं वाक्य हायपोचं होतं. वांग्याचं धरलं तर वांग्याचं. दोन्ही खोटी.

*

वच्छला उमरेडच्या बाजूची. तिच्या घरी हातमाग. बाप मागावर, माय ताण्यावर, आणि वच्छला सात वर्षांची असल्यापासून तुटलेले धागे सांधायला. मागावर धागा तुटला तर तो असा सांधावा लागतो की लुगड्यावर हात फिरवला तरी गाठ लागू नये. तिची बोटं त्यातच तयार झाली. बारीक, लांब, टोकाला जराशी चपटी. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा तिचं तोंड पदरात होतं, दिसली ती बोटंच.

माझा धंदा फोटोचा. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे एका फोटोवाल्याकडे भांडी विसळावीत तशा काचा धुवायला लागलो, आणि पुढे स्वतःची एक खोली घेतली. लग्नाचे फोटो, शाळेचे फोटो, अर्जाला लावायचे फोटो. पण मला नाद लागला लांब फोटोचा. डोंगर, किल्ला, तळं, मोठं देऊळ, असं एका फोटोत मावत नाही ते. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, एक फोटो काढायचा, थोडा फिरवायचा, दुसरा काढायचा. असे सात-आठ, कधी बारा. मग ते धुऊन, मोठे करून, कडेला कड लावून जोडायचे. स्टँडच्या डोक्यावर मी पितळेची चकती बसवली होती आणि तिच्यावर खिळ्यानं खुणा केल्या होत्या. एक फोटो झाला की एक खूण पुढे फिरवायचं. हिशोब साधा होता.

जोडायला मात्र मला येत नव्हतं. लग्नाला सहा महिने झाले असतील. रामटेकच्या गडाचे आठ तुकडे मी जोडत बसलो होतो आणि मनातल्या मनात शिव्या देत होतो. ती मागून पाहत होती. म्हणाली, "हे तर फाटलेलं नेसल्यावानी दिसून राहिलं." मी म्हटलं, मग तू कर. तिनं केलं. तेव्हापासून तीस वर्षं तिनंच केलं.

तिची रीत लोकांना सांगून पटत नसे. दाढीच्या पात्यानं ती फोटोची फक्त वरची कातडी कापायची, खालचा कागद नाही. मग तो कागद हळूहळू मागच्या बाजूला फाडायचा, म्हणजे कड पातळ होते. मग मागून बारीक काचकागद घासायचा, कांद्याच्या सालीसारखी होईपर्यंत. कड ओठावर ठेवून बघायची. ओठाला लागली तर अजून घासायची. आणि खळ. तिच्या घरी ताण्याला खळ लावत, तीच गव्हाच्या पिठाची खळ ती स्टोव्हवर शिजवायची, आणि झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून त्यात मोरचुदाचा खडा. खळीच्या भांड्याला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा. एकदा मी त्यात चहा केला होता, तर तिनं तो चहा माझ्यासमोर मोरीत ओतला आणि दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

मागावरच्या लांब उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, लांब फोटोलाही ती 'ताणा' म्हणायची. "आज कोठचा ताणा आणला?" मी रामटेकहून, नगरधनहून, मार्कंड्याहून आलो की हाच प्रश्न. जेवला का, थकला का, हे नंतर.

सगळे फोटोवाले जोड झाडात लपवतात. पानांच्या गर्दीत कड दिसत नाही, सोपं पडतं. ती झाडात जोड कधी घ्यायची नाही. दगडाच्या भेगेतून घ्यायची, भिंतीच्या कडेनं घ्यायची, पायरीच्या सावलीतून घ्यायची. मी विचारलं काहून, तर म्हणे, "झाडात तं कोनीबी लपवते." फोटो पाहायला कोणी आलं तर त्याला ती खुर्ची देत नसे. समोर उभं करायची आणि म्हणायची, "मान वळवा. एका जाग्यावरून नका पाहू. गाव पाहाले मान वळवाच लागते." चांगले मोठमोठे लोक तिच्यासमोर उभं राहून बैलासारखी मान हलवायचे. मला हसू यायचं. तिला येत नसे.

*

तिच्यापासून काही लपवणं अवघड होतं, कारण तिला सावल्या वाचता यायच्या.

रामटेकचाच किस्सा, पण नंतरच्या खेपेचा. मी सकाळी दहाला सुरू केलं. चार फोटो झाले आणि खालून एक ओळखीचा पानवाला वर आला. त्याच्याशी बोलत बसलो, दोन बिड्या झाल्या. मग उरलेले चार काढले. घरी आल्यावर तुकडे सुकले आणि तिनं ते फळीवर लावले. कपाळाला आठी घालून बसली. मग म्हणाली, "इथी तुमी बसले होते."

"कोठी?"

"इथी. ह्या खांबाची सावली पायरीच्या इकडं आहे, न् ह्या खांबाची पायरीवर चढली. बिड्या पिऊन राहिले होते का?"

मी म्हटलं, ढग आला होता.

"ढग आला असता तं सावल्याच नसत्या," ती म्हणाली. "दोन बिड्या. तीन असत्या तं अजून चढली असती."

तिनं ते आठ तुकडे जोडले नाहीत. पुढच्या सोमवारी मला परत रामटेकला पाठवलं. डब्यात भाकरी दिली, आणि माझ्या खिशातून बिडीबंडल काढून घेतलं.

दुसरा किस्सा नगरधनच्या किल्ल्याचा. तो फोटो एका सरकारी विश्रामगृहात लावायचा होता. मी तटावरून कॅमेरा फिरवत होतो आणि खाली एक म्हातारा बकऱ्या घेऊन चालला होता. आता गंमत अशी की कॅमेरा ज्या बाजूला फिरत होता त्याच बाजूला तो चालला होता. दुसऱ्या तुकड्यात तो आला आणि पाचव्या तुकड्यातही तोच आला. तेच धोतर, तीच काठी, तोच एक काळा बोकड. मी म्हटलं, पाचव्यातला रंग लावून झाकून टाक. तिनं झाकला नाही.

साहेब फोटो पाहायला आमच्या घरी आले. मान वळवून पाहिला, खूश झाले. मग बोट ठेवलं. "बाई, हा माणूस दोनदा कसा?"

"चालून राहिला होता साहेब."

"पण एकाच फोटोत एक माणूस दोन ठिकाणी बरा नाही दिसत. एक काढून टाका."

"काढतो न," ती म्हणाली. पातं हातात घेतलं. "कोन्ता काढू? तुमी सांगा. इथचा खरा, का तिथचा?"

साहेब बराच वेळ पाहत राहिले. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग हसले आणि म्हणाले, राहू द्या, दोन्ही असू द्या. पुढे त्या गावचे लोक कामाला आले की विश्रामगृहात जाऊन पाहायचे म्हणे. एका बाईनं वच्छलाला बाजारात गाठून सांगितलं, आमच्या बुढ्याचा जुळा भाऊ कोठून काढला तुमी? वच्छला घरी येऊन पहिल्यांदा पोट धरून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तिसरा किस्सा सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या लांब फोटोंचं एकदा प्रदर्शन झालं. एका हॉलमध्ये, तीन दिवस. शेवटल्या दिवशी मला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. भाषण करणाऱ्यानं सांगितलं की यांच्या फोटोत जोड शोधून सापडत नाही, हे यांच्या हातातलं कसब आहे. टाळ्या पडल्या. वच्छला मागच्या रांगेत बसली होती, पंख्याखाली. मला माईक दिला. मी म्हणालो, सगळ्यांचे आभार. आणि खाली उतरलो.

सांगायला काय जात होतं? जोड माझ्या बायकोचे आहेत, ती तिकडे बसली आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? नाही म्हटलं. तोंडात आलं होतं आणि मी गिळलं. टाळ्या गोड लागल्या, दुसरं काय.

घरी येताना मला वाटलं, आता बोलेल. बोलली नाही. घरी आल्यावर तिनं नारळ हातात घेऊन वाजवून पाहिला. "पाणी चांगलं आहे," म्हणाली. "फोडा. चटणी करतो." त्या रात्री आम्ही भात आणि नारळाची चटणी खाल्ली. शाल तिनं पेटीत ठेवली. पुढे ती शाल फोटोंवर धूळ बसू नये म्हणून वापरायची.

अशी होती. ओरडणारी बाई परवडते. ही ओरडत नसे. ती विचारायची, उत्तर ऐकायची, आणि 'बरं' म्हणायची. तिच्या त्या 'बरं'ला मी घाबरायचो.

*

आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. दागिना नाही, सिनेमा नाही. मागितला तो एकच फोटो.

तिचं गाव पिंपळडोह. शंभर-सव्वाशे घरांचं. कोळशाची खाण वाढत वाढत गावाच्या शिवेपर्यंत आली आणि गाव उठवायचं ठरलं. सगळ्यांना उमरेडजवळ नवीन जागा मिळणार होती. तिचे मायबाप तोवर गेले होते. घरात तिचा धाकटा भाऊ शालिक राहत होता. माग कधीचेच बंद पडले होते, शालिक खाणीवर चौकीदार लागला होता.

शालिकचं पोस्टकार्ड आलं की उन्हाळ्यात गाव खाली होईल. तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "तुमी सगळ्या मुलखाचे ताणे काढले. माह्या गावाचा एक काढून द्या."

मी म्हटलं, "तिथी काय आहे काढाले? ना किल्ला, ना देऊळ."

"मारुतीचं देऊळ आहे."

"त्याले देऊळ म्हंते का वं? चार दगडं आहेत."

"चार दगडं तं चार दगडं," ती म्हणाली. "तळ्याच्या पाळीवर उभे राहा. उजव्या हाताले शाळेपासून सुरू करा न् डाव्या हाताले आंबराईपर्यंत आणा. मधात आपलं घर येते. चिंच न् मारुतीच्या मधात. दारात ताण्याचे खुंटे अजून गाडलेले आहेत, ते आले पायजे."

मी लगेच गेलो नाही. आज जातो, उद्या जातो. लग्नसराई होती. ती रोज विचारत नव्हती, पण दाराबाहेर पोस्टमन दिसला की चमकायची, आता गाव उठल्याचंच कार्ड येतं की काय. शेवटी होळीनंतर मी गेलो. तीही यायला निघाली होती. पण एका शाळेचे फोटो जोडून द्यायचे होते, मीच म्हटलं, तू राहा, काम अडते. हेही माझंच.

आता खरं सांगतो.

तळ्याच्या पाळीवर मी स्टँड लावला. शालिक सोबत होता, बकऱ्या मधे येऊ नयेत म्हणून हाकलत होता. ऊन चांगलं होतं. शाळेच्या बाजूनं सुरू केलं. तीन फोटो झाले, तिसऱ्यात मारुती आला. तेवढ्यात पाळीच्या खालून जीप आली. खाणीवरचा एक साहेब होता. कॅमेरा पाहून थांबला. विचारलं, काय काढता? मी म्हटलं, लांब फोटो. तो म्हणाला, आमच्या इथं नवी मोठी मशीन आली, तिच्यासमोर आम्हा सगळ्यांचा असा लांब फोटो निघेल का? मी कॅमेरा सोडून जीपपाशी गेलो. त्याला पत्ता दिला, नगरधनची, रामटेकची गोष्ट सांगितली, शाल मिळाल्याचंही सांगितलं. अर्धा तास गेला असेल. साहेब गेले. मी परत आलो, खुणेकडे पाहिलं, मला वाटलं चौथा झाला आहे, आणि मी कॅमेरा एक खूण जास्त फिरवला. पुढचे चार काढले आणि दुपारच्या एसटीनं नागपूरला आलो.

रामटेक असतं, नगरधन असतं, तर माझी खूण चुकली नसती. तिथं मी बोटानं मोजायचो, तोंडानं आकडा म्हणायचो. हे तिचं गाव होतं, म्हणून चुकली. घरचं काम समजून केलं.

धुतल्यावर कळलं. आठ पाहिजे होते, सात निघाले. मारुतीनंतर एकदम चिंच. अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलो आणि तिला हायपोचं सांगितलं. परत जाऊन काढतो म्हणालो. ती म्हणाली, लवकर जा. मी पुढच्या रविवारी जाणार होतो. मग त्याच्या पुढच्या. मे महिन्यात शालिकचं कार्ड आलं, की आम्ही नव्या जागेत आलो, घर पाडलं, मशीन गावात पोचली.

ते कार्ड तिनं वाचलं आणि सात तुकडे घेऊन बसली. चार एकीकडे जोडले, तीन एकीकडे. मग दोन्ही भाग पुठ्ठ्यावर ठेवले आणि मधे स्वतःची चार बोटं ठेवून जागा मोजली. मी विचारलं, असं काहून? म्हणाली, "तिथी घर आहे."

त्यानंतरचं वर सांगितलंच आहे. आठ वर्षं ती विचारत राहिली, मी हायपो सांगत राहिलो. सावल्या तिनं नक्की पाहिल्या असतील, मारुतीच्या आणि चिंचेच्या. पण यावेळी बिड्या मोजल्या नाहीत. मला वाटायचं, मातीची घरं, बुटक्या सावल्या, तिच्या ध्यानात आलं नसेल. असं समजायला मला सोपं पडायचं.

*

ती गेली त्या रात्रीचं मला लिहायचं नाही. शेठनं खाणीवर फोन लावून शालिकला निरोप दिला आणि शालिक सकाळच्या पहिल्या एसटीनं आला.

वच्छला समोरच्या खोलीत होती. बायका तिच्याजवळ बसल्या होत्या. बाहेर चार-पाच माणसं बांबू बांधत होती. शालिक तिच्या पायाशी बसला, पाय धरले, मोठ्यानं रडला. मग तोंड पुसून आत माझ्याकडे आला. मी फळीपाशी बसलो होतो. फोटो तसाच पसरलेला होता. कालपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"भाऊजी," तो म्हणाला, "चहा पिला का? शेठकडून आणू का?"

"शालिक," मी म्हटलं, "बस. मले काही सांगाचं आहे. हा फोटो खराब झाला नव्हता. मी काढलाच नव्हता. त्या दिवशी..."

"जीपपाशी उभे होते तुमी," शालिक म्हणाला.

"तू पाहून राहिला होता?" मी विचारलं.

"मी तिथीच तं होतो भाऊजी. बकऱ्या हाकलून राहिलो होतो. तुमाले आवाज बी देल्ला, का भाऊजी, ऊन सरकून राहिलं. तुमी हातानं थांब म्हटलं."

"तू तिले सांगतलं?"

"तवाच. नव्या घरी आली होती न ताई, घर पाडल्यावर. तिनं विचारलं, तुहे भाऊजी तिथी किती वेळ कोठी गेले होते? तिले पयलेच समजलं होतं, मी नुसतं जीपचं सांगतलं."

"मंग मले काहून नाही म्हटलं तिनं? आठ वर्षं?"

शालिकनं खाली पाहिलं. नखानं फळीवरचा वाळलेला डाग खरवडला.

"म्हणे, त्याईच्या तोंडून येऊ दे. त्याईनं सांगतलं का त्याच दिवशी खळ करतो न् चिकटवून टाकतो. मी म्हटलं, न् नाहीच सांगतलं तं? म्हणे, तं राहू दे. घर गेलं, गाव गेलं, आता फोटोले काय घाई आहे."

बाहेर कोणीतरी सुतळी मागत होतं. समोरच्या खोलीत बायकांचा आवाज थांबला होता. दर दिवाळीला, दर पाडव्याला ती फोटो काढून फळीवर का पसरायची ते मला आता कळलं. झाडलोट निमित्त होतं. ती मला जागा करून देत होती. मी दरवेळी हायपो सांगितला आणि तिनं दरवेळी गुंडाळून ठेवला.

मी उठलो. कणकेचा डबा काढला, भांड्यात पाणी घेतलं, आणि स्टोव्हला हवा भरली.

आवाज ऐकून शेजारची गंगाबाई धावत आत आली. "अहो बाप्पा, काय करून राहिले? घरात मयत आहे न् स्टो काहून पेटवून राहिले? चहा पायजे तं आमच्या घरून येते."

"चहा नाही," मी म्हटलं. "खळ करतो."

ती शालिककडे पाहायला लागली. मयताच्या घरात विस्तव पेटत नाही, हे मलाही माहीत आहे. शालिक तिला म्हणाला, "करू द्या मावशी. ताईचंच काम आहे."

तीस वर्षं मी तिला खळ शिजवताना पाहिलं, स्वतः कधी शिजवली नाही. पहिली खाली लागली. दुसरीत गाठी झाल्या, त्या मी बोटानं दाबून दाबून फोडल्या. मोरचूद किती टाकायचा ते माहीत नव्हतं, अंदाजानं टाकला. डावे चार तुकडे लावले. कड हवी तशी बसली नाही, एका ठिकाणी फुगा राहिला. तो मी तसाच ठेवला.

उजवा भाग लावायच्या आधी हात थांबला. चार बोटं, पण कोणाची? माझी बोटं जाड. माझी चार बोटं ठेवली तर जागा जास्त सुटते.

शालिकचे हात पाहिले. तेही मागावर वाढलेले. तीच लांब बोटं, तशीच टोकाला चपटी.

"शालिक, हात ठेव इथी," मी म्हटलं.

त्यानं उजव्या हाताची चार बोटं चिंचेच्या कडेला लावून पुठ्ठ्यावर ठेवली. ठेवली आणि तशीच राहू दिली. थोड्या वेळानं अंगठा हलवून म्हणाला, "इथी दार होतं भाऊजी. खुंटे इकडं, अंगणात. दोन इकडून, दोन तिकडून."

त्याच्या बोटांना टेकवून मी उजवा भाग लावला. फडक्यानं दाबला. त्यानं हात काढला.

बाहेरून कोणीतरी म्हणालं, चला आता, ऊन होऊन राहिलं. मी हात धुवायला मोरीकडे निघालो, पण ते उचलायला लागले होते. मग खळीच्याच हातानं जाऊन मी तिला खांदा दिला.